‘किरकोळ’ भागांचा हिशेब

२०२६ च्या संक्रांतीला हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासात तिळगुळाच्या निमित्ताने पाचपंचवीस मराठी मंडळी जमली होती. बोलणे बदल्या, घरभाडे, मुलांच्या शाळा या नित्याच्या वळणांनी जाता जाता बंदुकांवर आले. एक वडीलधारे गृहस्थ, ज्यांची सारी नोकरी केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात गेली, मोठ्या समाधानाने म्हणाले, “अहो, आपल्या पुण्याची कार्बाइन सैन्यात चालली. एकदोन नव्हे, लाखांनी! आता काळजी मिटली.” मंडळींनी माना डोलावल्या. मीही तिळगूळ तोंडात असल्यामुळे गोड बोलण्याच्या बंधनात होतो. म्हणून गप्प राहिलो. तेव्हा जे बोलायचे राहिले ते येथे लिहीत आहे, आणि ते फारसे गोड नाही हे आरंभीच सांगून टाकतो.

गृहस्थांचे म्हणणे निराधार नव्हते. ३० डिसेंबर २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने सव्वाचार लाखांहून अधिक ‘क्लोज क्वार्टर बॅटल’ कार्बाइनींचे करार केले. एकूण किंमत २,७७० कोटी रुपये. पुण्याची भारत फोर्ज आणि दुसरी पीएलआर सिस्टिम्स या दोन कंपन्यांत हे काम वाटले गेले. यांपैकी भारत फोर्जच्या कार्बाइनचा आराखडा पाषाणच्या आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंटमध्ये तयार झाला. मराठी माणसाची छाती फुगावी अशीच ही वार्ता आहे. परंतु ‘काळजी मिटली’ हे शब्द मला मान्य नाहीत. माझे म्हणणे असे की काळजी करण्याची खरी वेळ आता सुरू झाली. कारण शस्त्राचा करार एकदाच होतो, पण त्याच्या लहानसहान भागांची खरेदी पुढे वर्षानुवर्षे चालते. आणि शस्त्र दगा देते ते करारात नव्हे, अशा एखाद्या भागात देते.

प्रथम हे शस्त्र म्हणजे काय ते पाहू. कार्बाइन म्हणजे आखूड नळीची रायफल. घराच्या जिन्यात, गल्लीच्या तोंडाशी, रणगाड्याच्या पोटात किंवा दाट रानात लांब नळी अडते, म्हणून ती आखूड करतात. एवढे ऐकले की आपणास वाटते, यात काय विशेष? लांब रायफल घ्यावी, चार बोटे कापावी, झाली कार्बाइन! हा समज चुकीचा आहे, आणि घातकही आहे. नळी कापली की फक्त नळी आखूड होते. काडतुसातील दारू पूर्वीइतकीच राहते. तिला जळण्यास मिळणारी वाट कमी झाल्यामुळे गोळीचा वेग घटतो, नळीच्या तोंडाशी ज्वाळा आणि आवाज वाढतो. वायूच्या जोरावर आपोआप भरणाऱ्या रायफलीत वायू घेण्याचे छिद्र दारूच्या स्फोटाजवळ येते. तेथील दाब अधिक असतो आणि यंत्रणेला तो झटका फार थोड्या अवधीत झेलावा लागतो. बोल्ट जोराने मागे येतो, रिकामे काडतूस ओढणाऱ्या आकड्यावर ताण पडतो, स्प्रिंग लवकर थकते, मॅगझिनला पुढचे काडतूस वेळेवर वर ढकलता येईनासे होते. लांब रायफलीत जो सामान्य दर्जाचा आकडा दहा वर्षे निभावून नेईल, तोच आखूड रायफलीत ऐनवेळी हार खाईल. सांगायचे ते इतकेच की नळी जितकी आखूड, तितकी बाकीच्या प्रत्येक भागाला चूक करण्याची मुभा कमी.

हे तत्त्व नवे नाही. १९४४ साली इंग्रजांनी आपली ली-एनफील्ड रायफल रानातल्या लढाईसाठी हलकी केली. सुमारे पंचवीस इंचांची नळी सुमारे एकोणीस इंचांवर आणली, जागोजाग धातू तासून वजन उतरविले, तोंडाशी ज्वाळा झाकणारे नसराळे बसविले, दस्त्याला रबराची गादी लावली. सैनिकांत ती ‘जंगल कार्बाइन’ म्हणून ओळखली जाई. दिसायला देखणी, उचलायला हलकी. पण धक्का असा की खांदा सुजावा. आणि तक्रार अशी की आज जुळविलेला नेम उद्या जागेवर सापडत नाही. नेम का सरकतो याविषयी जाणकारांत मतभेद राहिले. परंतु १९४७ पर्यंत तिचे उत्पादन थांबले. उलट उदाहरण आपल्याच पाषाणचे. तेथील अभियंत्यांनी आखूड शस्त्रासाठी ‘जेव्हीपीसी’ घडविताना नेहमीचे ५.५६ × ४५ मिलिमीटरचे काडतूस जसेच्या तसे घेतले नाही, ५.५६ × ३० चे आखूड काडतूसच त्याच्यासाठी निर्माण केले. नळी आखूड करायची तर दारूही तिच्या मापाची हवी, हा विचार त्यामागे आहे. शस्त्र म्हणजे भागांची मोळी नव्हे. ते एक कुटुंब आहे, आणि एकाचा स्वभाव बदलला की सर्वांना आपापली वागणूक बदलावी लागते, हे ज्याला कळले त्यालाच आखूड रायफल जुळविता येते.

कोलकात्यात राहणाऱ्याला या विषयासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ज्या डलहौसी चौकात, आजच्या विनय-बादल-दिनेश बागेत, आपल्यापैकी कित्येकांची कार्यालये आहेत, तेथूनच २६ ऑगस्ट १९१४ रोजी रॉडा आणि कंपनी या शस्त्रविक्रेत्यांच्या मालातून पन्नास माउझर पिस्तुले आणि सेहेचाळीस हजार काडतुसे क्रांतिकारकांनी पळविली. ती साधी पिस्तुले नव्हती. ज्या लाकडी पेटीत पिस्तूल ठेवायचे, तीच पेटी मागे जोडली की खांद्याला लावून रायफलीप्रमाणे झाडता येई. १९१८ च्या सिडिशन कमिटीच्या अहवालातही या करामतीची आवर्जून नोंद आहे. म्हणजे या शहराने आखूड रायफल पाहिली ती शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वी. त्या माउझरची घडण अशी की मुठीच्या फळ्यांचा स्क्रू सोडला तर तिच्यात स्क्रू नाहीत. सारे भाग एकमेकांत अडकून बसतात. प्रत्येक भाग आपल्या जागी नेमका असल्याखेरीज असे शस्त्र जुळतच नाही. पुढल्याच वर्षी, सप्टेंबर १९१५ मध्ये, बालेश्वरजवळ जतींद्रनाथ मुखर्जी आणि त्यांचे चार सहकारी पोलिसांच्या रायफलींपुढे उभे राहिले ते याच माउझर घेऊन. त्यांना आपले शस्त्र निवडण्याची सोय नव्हती. पेटीत जे निघाले त्यावर त्यांनी प्राण टाकले. पेटीत चांगले निघाले, हा त्यांचा दैवयोग. स्वतंत्र देशाच्या सैनिकाला मात्र दैवयोगावर सोडणे हा गुन्हा आहे.

या प्रकरणातील आणखी एक गोष्ट मला नेहमी अस्वस्थ करते. जकातीच्या गोदीतून रॉडाच्या नावे २०२ पेट्या सुटल्या; १९२ दुकानाच्या गोदामात पोहोचल्या आणि १० वाटेत नाहीशा झाल्या. हे घडविणारा श्रीशचंद्र मित्र कोण होता? रॉडा कंपनीचा कारकून! कागदावर सही करणारा, पेट्या मोजणारा, तुमच्याआमच्यासारखा माणूस. शस्त्र कोणाच्या हाती जाईल हे सेनापती ठरवितात असे इतिहास सांगतो. पण कित्येकदा ते कारकुनाच्या लेखणीने ठरते. त्या कारकुनाने आपली लेखणी कोणत्या बाजूला ठेवली हे सर्वांस ठाऊक आहे. आपण आपली कोठे ठेवतो?

आता सियालदहहून लोकल गाडीत बसावे आणि बराकपूर, पलता ओलांडून इछापूरला उतरावे. तेथे १९०४ पासून रायफलींचा कारखाना आहे. या कारखान्यानेच १९६२ च्या चीन-युद्धानंतर एक फार शहाणपणाचे काम केले होते, ते आज कोणाच्या स्मरणात नाही. जुन्या .३०३ काडतुसाऐवजी नवे ७.६२ मिलिमीटरचे काडतूस वापरावयाचे ठरले. नुसती नळी बदलून भागले असते, असे कोणीही वरवर पाहणारा म्हणाला असता. इछापूरच्या कारागिरांनी तसे केले नाही. नव्या काडतुसाचा दाब अधिक, म्हणून मुख्य सांगाड्याचे पोलाद अधिक चांगले घेतले. नव्या काडतुसाला मागे कड नाही, म्हणून मॅगझिन नव्या आकाराचे घडविले. या ‘२ए’ रायफली पुढे परदेशी बाजारात गेल्या, अमेरिकेत तर व्यापाऱ्यांनी त्यांच्या नळ्या कापून त्यांच्या हौशी कार्बाइनी केल्या. तरी त्या टिकल्या. पोलाद निवडताना ज्याने दर पाहण्याआधी दाब पाहिला, त्याची ही पुण्याई.

आणि मग त्याच इछापुरात, पाषाणच्या आराखड्यावरून, ‘इन्सास’ रायफल घडू लागली. पाषाणात आराखडा आणि इछापुरात घडण. मराठी मुलूख आणि बंगाल यांचा असा विवाह क्वचितच झाला असेल. पण त्या विवाहाची कथा मोकळेपणाने सांगण्याचे धैर्य आपल्यात नाही. १९९९ साली कारगिलच्या शिखरांवर इन्सास पोहोचली. तिची नळी फुटली अशी ओरड झाली नाही. आराखडा सपशेल फसला असेही कोणी म्हटले नाही. तक्रार आली ती मॅगझिनची. पारदर्शक प्लास्टिकचे ते मॅगझिन थंडीत तडकत होते. तेल उडून डोळ्यांत जाते, गोळी अडकते, अशाही तक्रारी होत्या. २००५ साली नेपाळच्या सेनेने आपल्याला पुरविलेल्या इन्सासविषयी गाऱ्हाणे केले, तेव्हा भारताकडून उत्तर गेले की दोष शस्त्राचा नाही, वापराचा आहे. ते उत्तर काही अंशी खरेही असेल. पुढच्या आवृत्तीत सुधारणाही झाल्या. परंतु विचारायचा प्रश्न वेगळाच आहे. मॅगझिन म्हणजे रायफलीचा सर्वांत स्वस्त, सर्वांत साधा भाग. तो हरवतो, मोडतो, बदलता येतो, म्हणून त्याला हिशेबात ‘किरकोळ’ म्हणतात. बर्फात बसलेल्या जवानाच्या हातात मात्र त्या क्षणी तोच एक भाग रायफल असतो. तो तडकला की उरलेली चार किलो वस्तू लोखंडी काठी होते.

आणखी एक गोष्ट येथे नोंदविली पाहिजे. इन्सासच्या कुटुंबात रायफल, लाइट मशीनगन आणि कार्बाइन अशी तिन्ही भावंडे जन्मायची होती. दोन जन्मली, कार्बाइन सैन्याच्या सर्वसाधारण वापरात कधी आलीच नाही. मधल्या काळात निविदा निघाल्या, रद्द झाल्या. २०१८ साली तातडीने ९३,८९५ कार्बाइनी परदेशातून घेण्याचे ठरले, तेही बारगळले. २०१७ साली इछापूरची नवी ७.६२ मिलिमीटरची रायफल लष्कराच्या चाचणीत नापास झाल्याची बातमी वर्तमानपत्रांत आली. इतक्या वर्षांच्या या खटाटोपानंतर २०२५ चा करार उभा आहे. म्हणून म्हणतो, पेढे वाटण्याची घाई नको.

यावर कोणी म्हणेल, नव्या कार्बाइनीची चाचणी झालीच ना? झाली, आणि ज्यांनी ती घेतली त्यांच्यावर मी अविश्वास दाखवीत नाही. परंतु चाचणीला पाठविलेला नमुना आणि कारखान्यातून बाहेर पडणारा लाखावा नग यांत फार मोठे अंतर असते. नमुना हा लग्नासाठी दाखविलेल्या स्थळासारखा. तो सर्वांत कुशल हातांनी, निवडक मालातून घडविलेला असतो. लाखावा नग घडेल तेव्हा त्याची स्प्रिंग कोणत्या तरी लहान कारखान्यातून, कोणत्या तरी निविदेतून, कोणाच्या तरी ‘सर्वांत कमी दर’ अशा शेऱ्यानिशी आलेली असेल. करारातील २,७७० कोटी रुपयांना सव्वाचार लाखांनी भागले तर साहित्यासह एका कार्बाइनला सुमारे पासष्ट हजार रुपये पडतात. या पासष्ट हजारांत स्प्रिंगच्या वाट्याला किती येतील? आणि नफा वाढविण्याचा मोह झाला तर कात्री प्रथम कोठे चालेल? नळीवर चालणार नाही, तिच्याकडे सर्वांचे डोळे असतात. ती चालेल ‘किरकोळ’ भागांवर.

हा मोह मी बाहेरून पाहिलेला नाही. मी स्वतः एका केंद्रीय कार्यालयात कारकून आहे आणि तुलनात्मक तक्ते लिहिणे हे माझे नित्यकर्म. बंदुका नव्हे, कागद, पंखे, कुलपे असल्या निरुपद्रवी वस्तूंचे तक्ते. पूर्वी ज्या एका कार्यालयात होतो, तेथे दप्तरखान्यासाठी कुलपे घ्यावयाची होती. तीन दर आले. सर्वांत कमी दराच्या कुलपाचा नमुना मी हातात घेतला, तेव्हाच त्याची किल्ली अडखळली होती. मला ते जाणवले. तरी मी टिपणीत लिहिले, ‘निम्नतम दर, स्वीकारावयास हरकत नाही.’ का लिहिले? कारण वरचा दर सुचविला असता तर तीन प्रश्न आले असते. खालचा दर सुचविला तर एकही येणार नव्हता. वर्ष संपण्याच्या आत त्यांतील दोन कुलपे फोडावी लागली आणि फोडणाऱ्याची मजुरी कुलपांच्या किमतीहून अधिक झाली. त्या टिपणीबद्दल मला कोणी जाब विचारला नाही. लेखापरीक्षकांनीही विचारला नाही; कागद निर्दोष होता. कुलूप होते म्हणून हसण्यावारी गेले. तेथे कार्बाइनचा आकडा असता तर?

येथे माझ्यासारख्याच मंडळींचा एक खणखणीत आक्षेप आहे आणि तो टाळून जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणतात, “सर्वांत कमी दराचा नियम काढून टाका, मग पाहा काय होते. ‘दर्जा’ या गोंडस नावाखाली साहेबांच्या मेहुण्याचा माल येईल.” हा आक्षेप पोकळ नाही. २०१२ साली संरक्षण मंत्रालयाने आयुध कारखान्यांच्या लाचलुचपत प्रकरणात सहा कंपन्यांना दहा वर्षांसाठी काळ्या यादीत टाकले, हे विसरून चालणार नाही. निम्नतम दराचा नियम हा आमच्या अप्रामाणिकपणावर घातलेला लगाम आहे. तो काढा असे मी म्हणत नाही. मी म्हणतो, लगाम घोड्याच्या तोंडात असावा, स्वाराच्या डोळ्यांवर नसावा. नियमाचा शब्द असा आहे की जे अपेक्षित दर्जाला उतरतील त्यांतून कमी दराचा निवडावा. तांत्रिक लिफाफा आधी उघडतात आणि दराचा मागून, तो उगाच नव्हे. म्हणजे सारी मदार ‘अपेक्षित दर्जा’ हे शब्द कोणी आणि किती नेमके लिहिले यावर आहे. तेथे आम्ही आळस करतो. ‘स्प्रिंग, पोलादी, उत्तम प्रतीची’ असे लिहून मोकळे होतो. किती हजार झटक्यांनंतर तिचा जोर किती उरला पाहिजे, सियाचीनच्या थंडीत आणि जैसलमेरच्या उन्हात ती कशी वागली पाहिजे, हे लिहिण्याचे कष्ट आम्ही घेत नाही. आणि मग बिचाऱ्या नियमाला दोष देतो. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

याउलट परक्या देशातील एक दृश्य पाहा. अमेरिकेत हौशी माणसे आपली रायफल स्वतः भाग निवडून जुळवितात. सोळा इंचांहून आखूड नळी घ्यावयाची तर १९३४ च्या कायद्याखाली सरकारदरबारी नोंद करावी लागते. २०२५ अखेरपर्यंत दोनशे डॉलर करही भरावा लागे. त्या देशातील शस्त्रांच्या सुळसुळाटाचे कौतुक मला मुळीच नाही. तेथील शाळांतून ज्या वार्ता येतात त्या वाचून जीव थरारतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्यावाचून बंदुकीची नळी आखूड करणेच गुन्हा ठरविले, हे योग्यच झाले. पण त्या हौशी माणसाकडून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. तो नळीचे पोलाद विचारतो, बोल्ट कसा तपासला ते विचारतो, स्प्रिंग कोणाची ते विचारतो, मॅगझिन चार दिवस वापरून पाहतो. दोन पैसे अधिक देतो, पण संशयित भाग घेत नाही. तो आमच्याहून शहाणा आहे म्हणून नव्हे. त्या शस्त्रामागे त्याचा स्वतःचा डोळा आणि स्वतःचा गाल असणार आहे म्हणून! आमच्या व्यवस्थेत भाग निवडणाऱ्याचा डोळा तक्त्यावर असतो आणि शस्त्रामागे डोळा असतो तो दुसऱ्या कोणाचा तरी. सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातील पोराचा, गोरख्याचा, शिखाचा. निवडणारा आणि भोगणारा यांची अशी ताटातूट झाली की दर्जा हा शब्द अनाथ होतो.

नापास भागांचीही एक कथा आहे आणि ती याच परिसरातील आहे. २०१८ साली कोलकाता पोलिसांच्या विशेष दलाने काही माणसे पकडली. आरोप असा की इछापूरच्या कारखान्यात नापास ठरलेले शस्त्रभाग ते बाहेर काढीत आणि बिहारकडे पोहोचवीत. पकडलेल्यांत कारखान्याचे कर्मचारीही होते. त्याच वर्षी जबलपूरच्या लष्करी भांडारातून मोडीत निघालेल्या एके-४७ रायफलींच्या भागांची जुळणी होऊन त्या मुंगेरला विकल्या गेल्याचे उघड झाले; तेथल्या विहिरीतूनही रायफली निघाल्या. मुंगेर म्हणजे अठराव्या शतकात मीर कासीमने राजधानी नेऊन जेथे शस्त्रे घडविली ते गाव. हाताची कला तेथे अजून आहे. पाहा, काय विपरीत! आमच्या तपासनीसाने जो भाग सैनिकासाठी अयोग्य ठरविला, तो गुंडासाठी योग्य ठरला. नापास भागाची नोंदवही जर कोणी नीट ठेवली असती, तो भाग वितळवून त्याची पावती जर कोणी मागितली असती, तर हे घडते ना. हेही काम कारकुनाचेच; आणि तेही ‘किरकोळ’ म्हणूनच राहिले.

मला ठाऊक आहे, हे वाचून काही देशाभिमानी मित्र रुष्ट होतील. स्वदेशी शस्त्राचे दोष काढणे म्हणजे परदेशी दलालांच्या हाती कोलीत देणे, असे ते म्हणतील. त्यांना मी आज्ञापत्राचे स्मरण देतो. रामचंद्रपंत अमात्यांनी गडांविषयी लिहिताना दारूखाना वस्तीजवळ नसावा आणि दारू, बाण ठराविक दिवसांनी बाहेर काढून त्यांस ऊन द्यावे, अशी बारीक ताकीद दिली आहे. ज्या राज्याने दिल्लीच्या पातशाहीला सत्तावीस वर्षे झुंजविले, त्याच्या अमात्याला दारूला ऊन देणे हे किरकोळ वाटले नाही. त्यांनी ‘दारू स्वराज्याची आहे, ती ओली होणार नाही’ असे म्हटले नाही. स्वदेशी शस्त्राचा खरा अभिमानी तो की जो त्याची स्प्रिंग दाबून पाहतो. न पाहता टाळ्या वाजविणारा हा केवळ प्रेक्षक.

तेव्हा माझे मागणे चार गोष्टींचे आहे. पहिली, मॅगझिन, स्प्रिंग, आकडा हे भाग कागदावर ‘किरकोळ’ या सदरातून काढून प्राणाशी निगडित भाग म्हणून वेगळे लिहावे आणि प्रत्येकाची कसोटी आकड्यांत द्यावी. दुसरी, तपासणी पहिल्या नमुन्यावर संपू नये. प्रत्येक खेपेतून, तपासनीसाने स्वतः उचललेल्या नगावर ती व्हावी, आणि त्याच्यावर महिनाअखेरच्या उत्पादनाच्या आकड्याचे ओझे नसावे. तिसरी, नापास भाग नष्ट झाल्याची नोंद पास भागाइतकीच काटेकोर असावी. चौथी, ज्या जवानाच्या हातात शस्त्र अडकले त्याची तक्रार, तिने कितीही हात बदलले तरी, ज्या फाइलीत तो भाग निवडला गेला त्या फाइलीला येऊन मिळावी. म्हणजे टिपणी लिहिणाऱ्याला आपण काय निवडले ते कळेल.

यांतली एकही मागणी पूर्ण करण्यास नवे संशोधन लागत नाही, परदेशी तज्ज्ञ लागत नाही. लागतात ती नीट लिहिणारी, नीट मोजणारी आणि अडखळणारी किल्ली अडखळते असे लिहिण्यास न भिणारी माणसे. आपण मराठी माणसे परप्रांतात आलो ती बहुधा याच कामांवर आलो आहोत. हिशेब, भांडार, खरेदी, तपासणी यांच्या टेबलांवर आपण बसतो. पाषाणच्या अभियंत्यांनी आपला वाटा उचलला आहे. उरलेला वाटा आपल्या टेबलावर आहे.

त्या वडीलधाऱ्या गृहस्थांची आणि माझी पुन्हा भेट होईल तेव्हा मी त्यांना एवढेच म्हणेन, “काका, कार्बाइन पुण्याची आहे हे खरे, पण तिची स्प्रिंग कोणाची आहे ते अजून ठरायचे आहे. ते ठरविणाऱ्या तक्त्यावर आपल्यापैकीच कोणाची तरी सही असणार.” त्या दिवशी ती सही करणाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी ती रायफल क्षणभर आपल्या स्वतःच्या गालाशी लावून पाहावी.